सिंहासन आणि समोरचीं बाकें

कै. अरुण साधू यांची ‘सिंहासन’ ही कादंबरी १९७७ सालीं प्रसिद्ध झाली. तेव्हांपासून मराठी सुशिक्षित घरांत राजकारणाचा विषय निघाला कीं, तिचें नांव एकदां तरी निघावयाचेंच. कोणी मंत्री राजीनामा देतो, कांहीं आमदार रातोरात परप्रांतीं रवाना होतात, आणि बैठकींतील कोणीतरी मान हलवून म्हणतो, “हें तर ‘सिंहासना’तलेंच!” कलाकृतीस ह्याहून मोठा मान तो कोणता? परंतु एकदां मान मिळाला म्हणजे परीक्षण संपलें असें नव्हे. जी कृति वाचकांस केवळ रिझवीत नाहीं, तर जगाकडे पाहण्याची त्यांची दृष्टीच घडविते, तिचें परीक्षण पुनःपुन्हां व्हावयास पाहिजे.

‘सिंहासन’ आणि तिच्या आधींची ‘मुंबई दिनांक’ ह्या दोन्ही कादंबऱ्या आम्हीं नुकत्याच पुन्हां वाचल्या, त्या निजामपुऱ्यांत. निजामपुरा हा भिवंडीचा जुना भाग. शहराच्या महानगरपालिकेच्या नांवांत भिवंडीच्या शेजारीं निजामपूरहि नांदतें. खिडकीबाहेर यंत्रमागांची खटखट चालू असतांना मंत्र्यांच्या बंगल्यांतील खलबतें वाचणें हा अनुभव चमत्कारिक खरा. कारण त्या खलबतांस ह्या खटखटीचें फारसें सोयरसुतक नसतें. ह्या पुनर्वाचनानें आमचें जें मत झालें तें थोडक्यांत असें कीं, साधूंनीं सत्तेचें चित्र अचूक काढलें, परंतु विरोधाचें चित्र त्यांच्या हातून अपुरें राहिलें. आणि त्यांच्या वाचकांनीं (आम्हीहि त्यांतच आलों) जें चित्रांत नाहीं तें जगांतहि नाहीं असें धरून टाकलें.

कथावस्तु बहुतेकांस परिचित आहे. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे ह्यांच्या आसनाखालीं सुरुंग पेरला गेला आहे, आणि तो पेरणारे गृहस्थ त्यांच्याच मंत्रिमंडळांतील अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे हे आहेत. कामगारपुढारी डिकास्टा आपल्या बळावर एका कडेला उभा आहे. आणि हें सारें पत्रकार दिगू टिपणीस पाहतो आहे. १९७९ सालीं डॉ. जब्बार पटेल यांनीं ह्या दोन कादंबऱ्यांवरून चित्रपट काढला. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची. मुख्यमंत्र्यांस एका निनावी दूरध्वनीवरून कटाची खबर लागते, येथून तो चित्रपट सुरू होतो. शत्रु घरांतलाच आहे ही गोष्ट प्रेक्षकांस पहिल्या कांहीं क्षणांतच कळते.

साधूंचें मोठें यश असें कीं, त्यांनीं राजकारणी माणसास राक्षसहि केलें नाहीं व देवहि केलें नाहीं. स्वतः वृत्तपत्राच्या धंद्यांत वावरल्यामुळें त्यांस ठाऊक होतें कीं, राज्य उलथविण्याचे बेत चहाच्या पेल्यावर आणि घरगुती चौकशींच्या ओघांत शिजत असतात. त्यांच्या पूर्वीं आमच्या कादंबरींतील पुढारी हा व्यासपीठावरील भाषणापुरता असे. साधूंनीं त्यास घरीं गांठलें. पात्रांची गर्दी मोठी असूनहि कोणीं कोणाशीं कां बोलणें टाकलें, हें वाचकाच्या ध्यानांतून निसटत नाहीं. ह्या गुणांविषयीं आजहि आमचें मत तिळमात्र बदललेलें नाहीं.

चित्र खरें होतें ह्याची साक्ष इतिहास देतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत, १९५७ च्या निवडणुकींत, समितीनें मुंबईंत व पश्चिम महाराष्ट्रांत काँग्रेसला घाम फोडला होता. आचार्य अत्रे, एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे ही माणसें तेव्हां समोर होतीं, आणि सत्ताधाऱ्यांस प्रत्येक वाक्य तोलून बोलावें लागे. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि समितीचें ईप्सित साधल्याबरोबर समितीचें प्रयोजनहि सरलें. यशवंतराव चव्हाणांनीं आपल्या राजकारणास ‘बेरजेचें राजकारण’ असें नांव दिलें; त्या बेरजेंत शेतकरी कामगार पक्षाची कित्येक मातबर मंडळी काँग्रेसच्या रकान्यांत जाऊन पडली. १९६२ मध्यें विधानसभेच्या २६४ जागांपैकीं २१५ काँग्रेसकडे गेल्या. समोर बसणारे उरले थोडे. मग भांडण तरी कोणाशीं करावें? तें घरांतच सुरू झालें. प्रा. रजनी कोठारी यांनीं १९६४ सालीं ‘काँग्रेस पद्धति’ ह्या नांवानें ह्याच व्यवस्थेचें वर्णन केलें: विरोधी पक्षांनीं बाहेरून दाब द्यावयाचा, आणि राज्य कोणीं करावयाचें ह्याचा निकाल सत्ताधारी पक्षाच्या पोटांतील गटांनीं आपसांत लावावयाचा. प्राध्यापकमहाशयांनीं जें सिद्धान्तरूपानें मांडलें तेंच साधूंनीं रक्तामांसाचें करून दाखविलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

अशा व्यवस्थेंतून कांहींच चांगलें निपजत नाहीं असेंहि आम्ही म्हणत नाहीं. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, आणि ते सत्ताधारी पक्षांतलेच. १९७२ च्या दुष्काळांत त्या कल्पनेस मोठें स्वरूप आलें, आणि १९७७ मध्यें तिचा कायदा झाला. परंतु त्याच दुष्काळांत व महागाईंत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या विरोधकांनीं बायकांच्या हातांत लाटणीं देऊन त्यांस रस्त्यावर आणलें होतें, हें विसरतां कामा नये. आंतून सद्बुद्धि व बाहेरून दाब ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं असल्या म्हणजे एकपक्षीय वर्चस्वाच्या काळांतहि लोकांच्या पदरांत कांहीं पडतें. बाहेरचा दाब नाहींसा झाला म्हणजे आंतील सद्बुद्धि किती दिवस तग धरते, हा खरा प्रश्न आहे. आणि नेमका हाच प्रश्न ‘सिंहासन’ विचारीत नाहीं.

येथें आम्ही कादंबरीच्या उणीवेकडे वळतों. विरोधी पक्ष तींत अगदींच नाहींत असें नव्हे. पण कथेची गति त्यांच्या हातीं नाहीं. सभागृह हें तेथें कारस्थानाचें पार्श्वस्थान आहे; जेथें प्रश्न विचारला जातो व उत्तर द्यावें लागतें असें स्थान तें नाहीं. सत्य ज्यास कळलें आहे असा एकच मनुष्य, दिगू टिपणीस, तो प्रेक्षक आहे. चित्रपटाच्या शेवटीं त्याचें तें वेडें हास्य ज्यांनीं पाहिलें ते तें विसरले नसतील. तें हास्य कलेच्या दृष्टीनें उत्कृष्ट आहे. परंतु त्याचा वारसा आम्हां वाचकांनीं फार सोयीस्करपणें उचलला. सगळे सारखेच, कोण कोणाचा विरोधक आणि कशाचा विरोध, असें म्हणून हंसलें कीं, सुशिक्षित मनुष्याचें कर्तव्य संपतें! ज्यास सर्व समजतें त्यास कांहीं करावें लागत नाहीं, ही समजूत आमच्या मध्यमवर्गांत रुजविण्यास ‘सिंहासना’चा थोडाबहुत हातभार लागला, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें. दोष साधूंचा थोडा व आमचा अधिक.

कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर एका वर्षानेंच वास्तवानें तिची री ओढली. १९७८ च्या निवडणुकींत जनता पक्षास ९९ जागा मिळाल्या. तो सर्वांत मोठा पक्ष ठरला, तरी त्यास विरोधांत बसावें लागलें, कारण काँग्रेसच्या दोन्ही शाखांनीं वसंतदादा पाटील यांच्या नेतृत्वाखालीं एकत्र येऊन सरकार बनविलें. त्याच वर्षींच्या जुलैंत त्या सरकारांतील एक मंत्री, शरद पवार, आपला गट घेऊन बाहेर पडले, आणि जनता पक्षासह पुरोगामी लोकशाही दलाचें मंत्रिमंडळ बनवून १८ जुलै रोजीं स्वतः मुख्यमंत्री झाले. विरोधकांस सत्ता मिळाली खरी, पण ती सत्ताधारी पक्षाच्या एका गटाच्या खांद्यावर बसून. दाभाडे यांस जें साधावयाचें होतें तें समोरच्या बाकांची मदत घेऊन साधतां येतें, हा नवा धडा महाराष्ट्रानें तेव्हां गिरविला.

विरोधी बाकावरून सिंहासनाकडे जाण्याचा सरळ मार्ग नव्हता असें मात्र नाहीं. गोपीनाथ मुंडे १९९० नंतरच्या विधानसभेंत विरोधी पक्षनेते होते; त्यांनीं सरकारवर तोफ डागली, महाराष्ट्र पालथा घातला, आणि १९९५ मध्यें मतदारांनीं सरकार बदलल्यावर ते उपमुख्यमंत्री झाले. त्यांचे आरोप कितपत खरे होते ह्याविषयीं मतभेद असोत. वाट मात्र राजमार्गाची होती. ती मतदाराच्या दारावरून गेली.

पुढें ती वाट कशी मोडली तें पाहूं. २००५ सालीं विधानसभेंतील विरोधी पक्षनेते नारायण राणे शिवसेना सोडून काँग्रेसमध्यें गेले व त्याच वर्षीं महसूलमंत्री झाले. २०१४ च्या नोव्हेंबरांत शिवसेना विरोधांत बसली व एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते झाले. महिना पुरा होतो न होतो तों शिवसेना सरकारांत गेली आणि ते मंत्री झाले. त्यांच्यामागून त्या आसनावर आलेले काँग्रेसचे राधाकृष्ण विखे पाटील २०१९ च्या जूनमध्यें भारतीय जनता पक्षांत जाऊन मंत्री झाले. २ जुलै २०२३ रोजीं अजित पवार विरोधी पक्षनेतेपदावरून थेट उपमुख्यमंत्रिपदावर गेले. ह्या प्रत्येकाजवळ सांगण्यासारखीं आपापलीं कारणें होतीं, आणि तीं तपासणें हा येथें आमचा विषय नव्हे. पक्षहि निरनिराळे आहेत. काँग्रेस वरचढ असतांना ओघ काँग्रेसकडे होता, भारतीय जनता पक्ष वरचढ होतांच तो तिकडे वळला. परंतु एकाच राज्यांत, अठरा वर्षांत, चार विरोधी पक्षनेते निवडणुकीवांचून मंत्री होतात, ह्याचा अर्थ काय? समोरचें बाक हें विरोधाचें स्थान न राहतां उमेदवारीचें ठिकाण बनलें, हाच नव्हे काय? साधूंच्या कादंबरींत मंत्री विरोधकासारखा वागतो. आमच्या काळांत विरोधी नेताच मंत्री होतो. कादंबरीकारासहि ही कल्पना सुचली नव्हती.

ह्याची परिणति २०२४ च्या नोव्हेंबरांत झाली. २८८ जणांच्या सभागृहांत तीन सत्ताधारी पक्षांस मिळून २३० जागा मिळाल्या. एकदशांशाचा संकेत धरला तर विरोधी नेतेपदासाठीं २९ सभासद हवे. विरोधांतील सर्वांत मोठ्या पक्षाचे निवडून आले २०, दुसऱ्याचे १६ आणि तिसऱ्याचे १०. पद दीर्घकाळ रिकामें राहिलें. आम्हांस येथें कोणत्याहि एका पक्षाच्या नांवानें खडे फोडावयाचे नाहींत. मतें मिळवून वर्चस्व संपादणें हा गुन्हा नव्हे. परंतु ज्या आसनावरून माणसें उठून समोर जाऊन बसतात तें आसन रिकामें पडलें, तर लोकांस त्याचें फारसें दुःख कां होत नाहीं, ह्याचें उत्तर मागच्या परिच्छेदांत आहे.

आतां घरचें उदाहरण. मंत्रालयाच्या गोष्टी दूरच्या वाटत असतील तर निजामपुऱ्याकडे पाहावें. २०१७ च्या निवडणुकींत आमच्या महानगरपालिकेच्या ९० जागांपैकीं काँग्रेसनें ४७ जिंकल्या. भारतीय जनता पक्षास १९ मिळाल्या, शिवसेनेस १२ व कोणार्क विकास आघाडीस ४. उरलेल्या इतरांकडे गेल्या. काँग्रेसला स्वबळावर बहुमत होतें. तरीहि महापौर काँग्रेसचा व उपमहापौर शिवसेनेचा, अशी वांटणी झाली. ह्याच वेळीं मुंबईस विधानभवनांत शिवसेना सरकारांत होती आणि काँग्रेस विरोधांत! तेथें समोरासमोर, येथें मांडीला मांडी लावून. मग आली ५ डिसेंबर २०१९ ची महापौरपदाची निवडणूक. काँग्रेसच्या १८ सभासदांनीं पक्षाच्या उमेदवारास सोडून कोणार्क आघाडीच्या श्रीमती प्रतिभा पाटील यांस मतें दिलीं. त्यांस ४९ मतें पडलीं, काँग्रेसच्या उमेदवारास ४१. चार सभासदांच्या आघाडीची महापौर झाली, सत्तेचाळिसांचा पक्ष हरला. काँग्रेसच्या उरलेल्या २९ मतांत शिवसेनेचीं १२ मिळविलीं कीं ४१ होतात. हिशेब इतका सरळ कीं पाटीपेन्सिलीचीहि गरज नाहीं.

१९८६ चा, स्थानिक संस्थांच्या सभासदांस अनर्ह ठरविणारा कायदा अस्तित्वांत होताच. पण कायद्याची वाट लांब असते आणि सभागृहाची मुदत आंखूड. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें निराळेंच. त्या दिवसानंतर भिवंडींत सत्ताधारी कोण व विरोधक कोण? सर्वांत मोठा पक्ष अर्धा इकडे, अर्धा तिकडे. ज्या मतदारानें २०१७ मध्यें त्या पक्षास मत दिलें, त्याचा प्रतिनिधि राज्य करीत होता कीं राज्यकर्त्यांस जाब विचारीत होता, हें त्यास कोणीं सांगावें? २१ सप्टेंबर २०२० रोजीं पहांटे येथील जिलानी इमारत कोसळली. सुमारें ४० माणसें झोंपेंतच गेलीं, त्यांत लहान मुलेंहि होतीं. अशा प्रसंगीं लोकशाहींत एक ठरलेला मनुष्य असावा लागतो. त्यानें उभें राहून विचारावयाचें असतें: जुन्या, मोडकळीस आलेल्या इमारतींची यादी कोठें आहे, त्या कोणीं पाहिल्या, रहिवाशांस पर्यायी जागा कोणती दिली? विचारणारे कोणीच नव्हते असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु विचारणें हें ज्याचें नेमून दिलेलें काम आहे, आणि न विचारल्यास ज्यास लाज वाटावी, असा पक्ष त्या सभागृहांत कोणता होता? पुढें जून २०२२ मध्यें सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आले, आणि १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत साडेतीन वर्षें सत्ताधारी बाकेंहि नव्हतीं व विरोधी बाकेंहि नव्हतीं. हा फरक जाणवला असें म्हणणारीं माणसें आम्हांस फार थोडीं भेटलीं. आमच्या मतें सर्वांत चिंतेची गोष्ट ती हीच.

कोणी आक्षेप घेईल कीं, हीं दुखणीं राजकारणाचीं; त्यांचें माप कादंबरीच्या पदरांत कां घालतां? जें दिसलें तें कलावंतानें लिहिलें. जें नव्हतें तें कोठून आणावें? आक्षेप वजनदार आहे. परंतु आमचें म्हणणें असें कीं, तें होतें. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्यें वरिष्ठ कायदेकौन्सिलांत अंदाजपत्रकावर बोलण्यास उभे राहिले, तेव्हां सत्ता मिळण्याची त्यांस स्वप्नांतहि आशा नव्हती. तरी त्यांनीं सरकारचेच आंकडे सरकारपुढें ठेवले, मिठावरील कराचा बोजा गरिबावर कसा पडतो तें दाखविलें. आणि पुढच्याच वर्षीं तो कर उतरला. स्वातंत्र्यानंतरचें पाहावयाचें तर मृणाल गोरे पाहाव्या. १९६१ मध्यें त्या मुंबईच्या महापालिकेंत निवडून गेल्या, आणि गोरेगांवच्या वस्त्यांतील नळासाठीं इतक्या झगडल्या कीं, लोक त्यांस ‘पाणीवाली बाई’ म्हणूं लागले. ज्या शहरांत पाण्याचा हंडा हा आजहि बायकांच्या बोलण्याचा पहिला विषय आहे, त्या आमच्या शहरांत ह्या पदवीची किंमत निराळी सांगावयास नको. आणि सांगोल्याचे गणपतराव देशमुख! ते १९६२ मध्यें प्रथम निवडून आले, एकंदर अकरा वेळां विधानसभेंत गेले, आणि मंत्रिपदाचे दोन अल्प अवधि वगळतां सारा जन्म विरोधी बाकावर एकाच लहान पक्षाच्या नांवानें बसले. त्यांच्या पक्षांतील किती सहकारी बेरजेंत गेले असतील! ते कां गेले नाहींत? एका मनुष्यास सिंहासन कां हवें असतें हें साधूंनीं आम्हांस उलगडून दाखविलें. दुसऱ्या मनुष्यास तें कां नको असतें, त्याच्या घरच्यांनीं त्यास काय म्हटलें, पडलेल्या निवडणुकीच्या रात्रीं तो काय करीत होता, हें गूढ अधिक खोल नव्हे काय? मराठी कादंबरीनें त्याकडे अद्यापि पुरतें पाहिलेलें नाहीं.

वर्चस्व गाजविणाऱ्या पक्षासहि अशा माणसाची गरज असते, हें वरवर विपरीत वाटलें तरी खरें आहे. समोर खरा विरोधक नसला म्हणजे पक्ष स्वतःशींच भांडूं लागतो. आणि त्या भांडणांत वादाचा विषय नळ, वीज, माग, भिंत हा नसतो, तर खुर्ची हाच असतो. आमच्या शहराचें वीजवाटप जानेवारी २००७ पासून एका खाजगी कंपनीकडे सोंपविण्यांत आलें. तें बरें कीं वाईट ह्यावर घरोघर मतभेद आहेत. पण असा विषय सभागृहांत दोन्ही बाजूंनीं आंकडे घेऊन तीन दिवस लढविला गेला, तर निदान नागरिकास विचार करण्यास सामग्री मिळेल. गटागटांची रात्रीची बैठक ती सामग्री देत नाहीं. ज्या पक्षाचा विरोध त्याच्या पोटांत शिरतो त्यास अपचन होतें. आणि पथ्य मात्र जनतेस पाळावें लागतें.

‘सिंहासन’ वाचावी असेंच आम्ही आमच्या वाचकांस सांगूं. ज्या घरांत ती नसेल तेथें ती आणावी. मात्र पुस्तक मिटतांना दिगू टिपणीसाचें हास्य आपल्या तोंडावर येऊं देऊं नये. त्यानें जें पाहिलें तें खरें. त्यापुढें करण्यासारखें कांहीं उरलेंच नाहीं, हें मात्र खरें नव्हे. सिंहासनाची कादंबरी आम्हांस मिळाली, तिला पन्नास वर्षें होत आलीं. आतां समोरच्या बाकाची कादंबरी कोणीतरी लिहावी: त्यावर टिकून बसलेल्या एखाद्या माणसाची, आणि जमल्यास आमच्या निजामपुऱ्यासारख्या एखाद्या गांवची, जेथें मागांच्या खटखटींत त्याचा प्रश्न ऐकूं जावा म्हणून त्यास आवाज थोडा चढवावा लागेल.